जावयाचं वाण

"डबा सरळ धर गं," आई पुन्हा म्हणाली.

मी सरळच धरला होता. एसटी वाकडीतिकडी चालली होती, त्याला मी काय करणार? बार्शीहून निघाल्यापासून तो पितळी डबा माझ्या मांडीवर होता. वर लाल खण बांधलेला, खणाच्या गाठीत पितळेचं निरांजन खोचलेलं. आत मामीनं केलेले अनारसे. आईच्या पिशवीत अण्णांसाठी शर्टपँटचं कापड, टॉवेल, टोपी आणि नारळ.

आई खिडकीशी बसली होती, पण त्याला बसणं म्हणणं खोटंच. प्रत्येक थांब्यावर ती अर्धवट उठायची, बाहेर बघायची, पदर सारखा करायची, परत टेकायची. वर्षभर तिचं घरातही असंच चाललं होतं. कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला की हातातलं पीठ तसंच ठेवून दारात. झाडलेली खोली पुन्हा झाडायची. रांधलेलं झाकून ठेवायचं, झाकण काढून बघायचं. मला त्याचा इतका राग यायचा, की मी मुद्दाम तिच्या मागून दार लावून घ्यायची.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाला ओवाळून अनारशांचं वाण द्यायचं. मामीनं तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कुटले, गुळात मळून पीठ मुरवत ठेवलं. आणि अण्णांचा निरोप आला, रजा नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर ते सुपरवायझर होते, बालाघाटाच्या डोंगरापलीकडे, शिरसगावला. पंधरवड्यातून एकदा बार्शीला यायचे. आई, मी आणि धाकटी कुंदा मामाच्या शेजारी दोन खोल्यांत राहायचो. शिरसगाव आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "तिथं काय आहे? केंद्रातच एक खोली, चार गडी एकात एक झोपतो. बायका-पोरींची जागा नाही ती," असं ते म्हणायचे. वर्षभरात पंधरवड्याचा महिना झाला होता. आले तरी हातपाय धुवून पेपर उघडायचे, तो संध्याकाळच्या गाडीपर्यंत मिटायचे नाहीत.

मामानं दुसरा दिवस ठरवला. पुन्हा निरोप आला, रजा नाही. मामा चिडला. "दाजींना आमच्या घरचं गोड लागत नाही का आता?"

मामी समजुतीनं म्हणाली, "वन्सं, महिना संपत आला. वाण घरात ठेवून काय करायचं?"

आई कणीक मळत होती. तशीच म्हणाली, "जावई येत नाही तर वाण घेऊन मीच जाते."

"असं कुठं असतं?" मामा म्हणाला. "वाण जावयाच्या मागं फिरतं का कधी?"

"यंदा फिरेल."

ती हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नसे. कुंदाला मामीकडे ठेवून आम्ही दोघीच निघालो. मला एवढं मात्र कळत होतं, की हे अनारशांचं निमित्त आहे. तिला तिचा नवरा परत हवा होता. समोर उभं राहून, डोळ्यांत बघून विचारायचं होतं, काय चुकलं माझं? रात्री मामीशी कुजबुजताना मी ऐकलं होतं तिला. आणि मला दहावीच्या सुट्टीत तेवढंच हवं होतं, की यांचं काय ते मिटावं आणि घरात कुणीतरी एकदा स्वस्थ बसावं.

भूमला उतरून जीप धरली. शिरसगावच्या फाट्यावर दूध केंद्राचा पत्रा चकाकत होता. फाटकातल्या राखणदारानं आमच्याकडे, डब्याकडे, निरांजनाकडे बघितलं.

"सायबांकडं? त्येंची आज सुट्टी हाय. घरी जावा की. मारुतीच्या देवळामागं, निळं दार."

"घरी?" आई म्हणाली. "ते केंद्रातच राहतात ना?"

"हितं कशाला ऱ्हातील? हितं बर्फाची मशीन हाय," तो हसला.

सुट्टी म्हणे. रजा नाही म्हणणाऱ्याला सुट्टी. आईची पावलं इतकी झपझप पडायला लागली, की डबा सांभाळत मला मागून पळावं लागलं. ऊन कडक होतं. मारुतीच्या देवळामागं निळं दार सापडलं. त्याला कुलूप होतं. दारासमोर ताजी रांगोळी होती. शेजारी तुळस. दोरीवर लहान मुलीचा झालरीचा फ्रॉक वाळत होता.

मी म्हटलं, "घर चुकलं वाटतं."

"हं," आई म्हणाली. फ्रॉककडे बघत.

पलीकडच्या ओसरीवर एक म्हातारीशी बाई शेंगा फोडत बसली होती. हौसाबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं. तिनं हाक मारली, "सायेब पायजेत का? न्हाईत घरी. धोंडं जेवाय गेल्यात सासुरवाडीला."

मी अक्षरशः उडी मारली. "आई! चुकामूक झाली! अण्णा बार्शीला गेले!"

आईचा चेहरा असा उजळला, की तो मी आजही विसरले नाही. वर्षभराचा थकवा एका क्षणात उतरला. ती हसत हौसाबाईंना म्हणाली, "बघा, आम्ही इकडं आणि ते तिकडं. बार्शीलाच गेले ना?"

"बार्शीला कशाला?" हौसाबाई म्हणाली. "बार्शीला भैन असती त्येंची. सासुरवाडी हितंच, पल्याडच्या वाडीला. सकाळच्याला गेल्यात जोडीनं, लेकरू घिऊन. उनं कलायच्या आत येत्यालच. बसा वो, पानी देते."

आई ओसरीच्या कडेला बसली. मी उभीच राहिले. हातात डबा, खाली ठेवायचा की नाही ते समजेना.

हौसाबाई पाणी घेऊन आली आणि बोलत सुटली. तिला कुणीतरी हवंच होतं ऐकायला. "लई गुनाचा मानूस. पयली बायकू बाळंतपनात गेली बगा. लेकरू बी गेलं. मग किती वर्सं एकलाच. आमच्या विजयाच्या बापानं बगितलं, मानूस निर्व्यसनी, पगाराचा. दिली पोरगी. आता सोनू हाय, तीन वर्साची. मागंपुढं कुनी न्हाई त्येंना, एक बार्शीची भैन तेवढी. दर पंदरवड्याला जायाचे की तिच्याकडं. लई जीव भैनीवर."

बाळंतपणात मूल गेलं. पहिलं बाळंतपण म्हणजे मी. मी तिथं उन्हात उभी होते, घामानं भिजलेली, आणि मला कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वीच पुरून टाकलं होतं. मला हसू आलं. खरंच आलं. मी ओठ दाबून धरले तरी आवाज निघालाच.

हौसाबाईनं आईच्या कुंकवाकडे, मग वाणाकडे बघितलं. "तुमी कुटल्या म्हनायच्या?"

मी आईकडे बघितलं. आता सांगेल. आता उभी राहील, पदर खोचेल आणि सगळ्या आळीला गोळा करेल. मला तेच हवं होतं. सांग ना, सांग.

"बार्शीच्या," आई म्हणाली.

"आगंबया! म्हंजे सायबांची भैन?"

आईनं पाण्याचा तांब्या वर करून प्यायला घेतला. सगळा संपवला. मग तोंड पुसून म्हणाली, "हो. बहीणच."

"आई!" मी ओरडले.

"गप," ती म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

तिथून निघून जाता आलं असतं. फाट्यावर जीप उभी होती. मी तिचा हात धरून ओढलासुद्धा. पण ती हलेना. आयुष्यात पहिल्यांदा ती एका जागी बसून राहिली, आणि येरझाऱ्या मी घालत होते. रांगोळीपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून फ्रॉकपर्यंत. तो फ्रॉक दोरीवरून ओढून मातीत टाकावा असं मनात आलं. हातही लावला त्याला. इतका लहान होता तो, की नुसता चुरगळून सोडून दिला.

मग गल्लीच्या तोंडाशी अण्णा दिसले. नवा कोरा शर्ट, कपाळाला कुंकवाची टिकली, डोक्यावर टोपी. खांद्यावर एक मुलगी झोपलेली. मागे हिरव्या साडीतली एक ठेंगणी बाई, अंबाड्यात गजरा, हातात झाकलेलं ताट. ताटावर लाल खण.

तेसुद्धा वाण घेऊन आले होते.

"सायेब, बगा कोन आलंय!" हौसाबाई ओरडली. "तुमची भैन आली बार्शीची!"

अण्णा थांबले. त्यांचं तोंड उघडं राहिलं. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं. मला वाटलं, आता पळतील. पण खांद्यावर पोर होतं.

ती बाई मात्र पुढे झाली. चेहरा आनंदानं फुललेला. ताट हौसाबाईच्या हातात दिलं, भर रस्त्यात खाली वाकली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वन्सं! किती दिवस म्हणते मी यांना, वन्सांना आणा, वन्सांना आणा. आज पाय लागले घराला!"

मामी म्हणायची तसंच, त्याच लाडीगोडीच्या सुरात. आईचा हात हवेत राहिला. ती बाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठी असेल. मानेवर हळद लागलेली होती. आईचा हात हळूहळू खाली आला आणि तिच्या डोक्यावर टेकला.

"सुखी राहा," आई म्हणाली.

"ही तुमची लेक ना?" विजया माझा गाल कुरवाळत म्हणाली. "केवढी झाली! नाक अगदी मामांवर गेलंय. पड गं बाळ, मामांच्या पाया पड."

अण्णा माझ्यासमोर उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी "अण्णा" म्हणायला तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात धाक नव्हता, विनवणी होती. आई मला काही विनवते हे मला सहनच झालं नाही.

मी वाकले. त्यांच्या पायात नव्या चपला होत्या. मी त्यांच्या अंगठ्याला अंगातलं सगळं बळ एकवटून चिमटा काढला. नख रुतलं. अण्णांनी हूं की चूं केलं नाही.

घरात गेलो. विजयानं चहा टाकला, पंखा लावला, आईला पाटावर बसवलं. आपल्या माहेरच्या ताटातले अनारसे काढून बशीत दिले. पांढरे होते, साखरेचे. आमच्याकडे गुळाचे करतात. "नीट झालेत का हो, वन्सं? माझी आई म्हणते, तुपात हसतात कधी कधी." पीठ बिघडलं की अनारसा तुपात सुटून विस्कटतो, त्याला हसणं म्हणतात.

आईनं तुकडा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. "नाही हसले," म्हणाली. "छान झालेत."

अण्णा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. सोनू जागी झाली आणि त्यांच्या पायाला बिलगून म्हणाली, "अण्णा, या कोण?"

त्यांनाच उत्तर द्यायचं होतं. ते देईनात. आई वाट बघत राहिली, मी वाट बघत राहिले, चहाला उकळी आली.

"आत्या," शेवटी अण्णा म्हणाले.

तेवढं ऐकून आई उठली. विजयानं घाईनं तिची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. सवाष्ण नणंद पहिल्यांदा घरी आली होती, ओटीशिवाय कशी पाठवणार? आईनं पदर पसरला. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोकडून. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकले आणि रडले. रागानंच, पण रडले.

"तुमच्या डब्यात काय आहे हो?" मागून विजयाचा आवाज आला.

"ते जावयाचं आहे," आई म्हणाली. "परत न्यायचंय."

भूमच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. आम्ही बसलो. गाडी घाट चढायला लागली तेव्हा आईनं डबा माझ्या मांडीवरून घेतला, निरांजन काढून कमरेला खोचलं, दातांनी खणाची गाठ सोडली.

"खा," म्हणाली.

"अगं, ते वाण आहे. आपण खायचं नसतं."

"खा म्हणते ना!"

मी खाल्ला. तीही खात होती, एकामागून एक, खसखस हनुवटीला चिकटलेली. मग पुढच्या बाकावरच्या म्हातारीला दिले, मागच्या बाकावरच्या पोरींना दिले, कंडक्टरला दिले. "घ्या हो, धोंड्याचे आहेत." सगळे हसतमुखानं घेत होते. बार्शी येईपर्यंत जावयाचं वाण संपलं होतं. सगळ्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. "ती पोरगी माझ्या पाया पडली गं."

घरी तिनं मामाला सांगितलं, "वाण पोचलं." बस्स. मामीनं माझ्या तोंडाकडे बघून काय ओळखलं कोण जाणे, तिनं पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र कुंदाशी भांडत सुटले, वह्या फेकल्या, उगाच जेवण टाकलं. आईचं हॉर्नवर उठणं थांबलं. आता हॉर्न वाजला की मी उठायची.

अण्णा त्यानंतर दोन महिने फिरकले नाहीत. आले ते राखीपौर्णिमेला. दुपारच्या गाडीनं, हातात एक पिशवी. दारातच म्हणाले, "मला सगळं नीट सांगायचंय तुला."

"पिशवीत काय?" आईनं विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "तिनं... तिनंच पाठवलं. राखीला बहिणीकडं गेलंच पाहिजे म्हणाली." पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या आणि नारळीभात.

"आत या," आई म्हणाली.

तिनं पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी काढली. अण्णा बसले, कारण बसण्यावाचून त्यांना काही सुचलं नाही. कुंदा खूश होऊन त्यांच्या गळ्यात पडली, "अण्णा आले! अण्णा आले!" आईनं तिला अलगद बाजूला केलं. आतून ताट आणलं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, आणि वाणावरचं ते पितळेचं निरांजन, पेटवलेलं. निरांजनाशेजारी एक राखी होती, लाल गोंड्याची.

अण्णांना दिसली. त्यांनी उजवा हात पाठीमागे घेतला. "हे काय करतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हात पुढे कर, दादा," आई म्हणाली.

लग्नाच्या दिवसापासून तिनं त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"त्या गावात तू मला बहीण केलंस. चार वर्षं केलंस. मीही तोंडानं हो म्हटलं, ती पायांवर डोकं ठेवून उठली. आता मागे कसं फिरायचं? हात दे."

"ऐक माझं. मी तिला सोडतो..."

"तिला सोडशील? तीन वर्षांची पोर पदरात असलेल्या तिला?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "खबरदार! हात दे."

त्यांनी हात दिला. तिनं कुंकू लावलं, राखी बांधली, दोन गाठी मारल्या, निरांजन ओवाळलं. अण्णांनी खिशात हात घातला.

"पैसे नकोत. ओवाळणी म्हणून एकच घाल. तिला सांग, की तुझी बायको बाळंतपणात गेली नाही. पोरही गेलं नाही. सांगशील तेव्हा ये, भाऊ म्हणून ये, जेव, आणि संध्याकाळच्या गाडीनं जा. तोवर नको."

कुंदा कधी राखीकडे, कधी आईकडे बघत होती. सात वर्षांची होती, तिला हिशेब लागेना. "आई, बहिणीच बांधतात ना राखी? मग आता मी अण्णांना काय म्हणू?"

निरांजन आईच्या हातात तसंच होतं, आणि त्या उजेडात मी तिचे डोळे भरलेले पाहिले. हे मात्र तिनं ठरवलेलं नव्हतं. अण्णांनी मान वर केली. कुणीतरी वाचवावं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मी थोरली. मी "अण्णाच म्हण गं" म्हटलं असतं तर त्या घरात त्यांना पाय ठेवायला तेवढी जागा उरली असती.

शिरसगावात गिळलेला शब्द मला आठवला.

"मामा म्हण," मी कुंदाला म्हटलं. "मामांच्या पाया पड."

कुंदा भाबडेपणानं वाकली. अण्णांनी पाय झटकन आत ओढून घेतले.